विचारा डॉक्टरताईंना : दोन रेघा म्हणजे सुटका

(गेल्या अंकात झोपेच्या गोळ्यांबद्दल लिहिताना लोहामंडीतल्या ड्रायव्हर मंडळींचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेतली आहेत.)

प्रश्न : डॉक्टरताई, स. न. वि. वि. आमच्या चार गाड्या आहेत. बिल्ट्या (मालाच्या पावत्या), डिझेल, भत्ते हा सगळा हिशेब मी बघते. यजमान माल देणाऱ्या पार्ट्यांकडे फिरतात. पीथमपूरचा माल घेऊन गाड्या मुख्यतः बंगळूरला जातात. आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर मंदसौरकडचा, मल्हारगढचा. माणूस सज्जन, पैशाला चोख, आजवर गाडीला ओरखडा नाही. गेल्या महिन्यात गाडी धुवायला लावली तेव्हा केबिनमधल्या बिछान्याखाली डोडाचुऱ्याची (अफूच्या वाळक्या बोंडांच्या भुग्याची) पिशवी निघाली, किलोभर तरी असेल. विचारलं तर त्यानं लपवलं नाही. म्हणाला, “भाभी, थकान मारता है, और कुछ नहीं. इसके बिना गाड़ी नहीं चलेगी मुझसे.” यजमान म्हणतात, त्यांच्या गावात म्हातारीकोतारीही घेतात, ते काही ड्रग्ज नव्हे. धाकटे दीर म्हणतात, तपासणीच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, चौघांची लघवी तपासा आणि सापडेल त्याचा हिशेब करून टाका. पिशवी मी होती तिथेच ठेवली. मला दोघांचंही पटत नाही. काय करू?
— सौ. म. का., सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी पिशवीचं बोलू, कारण ते काम थांबण्यासारखं नाही. तुम्ही ती पाहिलीत आणि परत ठेवलीत. म्हणजे आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, ज्याला आपण सगळे एनडीपीएस म्हणतो त्यात, ठाऊक असण्याला किंमत आहे. आपल्या वाहनात असा माल जाणूनबुजून नेऊ देणारा मालक कलम २५ खाली येतो. गाडी जप्त झाली, तर आपल्याला माहीत नव्हतं आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. डोडाचुऱ्याच्या बाबतीत १ किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ आणि ५० किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किलोच्या वर एक मूठ गेली की हीच शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘किलोभर तरी असेल’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. ही पिशवी गाडीत नको, तुमच्या ऑफिसात नको, घरी तर नकोच. ड्रायव्हरला हे आजच, स्पष्ट शब्दांत सांगा आणि एखाद्या ओळखीच्या वकिलाशीही बोलून घ्या.

यजमानांचं म्हणणं मी इंदुरात बसून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते बोलायच्या आधीच मला पाठ असतं. मंदसौर, नीमच, रतलाम हा परवान्याच्या अफूचा पट्टा. बोंडाला चिरा देऊन चीक गोळा केला की जे वाळकं बोंड उरतं, ते कुटून डोडाचूरा होतो. चीक निघून गेला तरी त्यात मॉर्फिन उरतंच, माणसाला अडकवायला पुरेल इतकं. शेजारच्या राजस्थानात २०१६ पर्यंत डोड्याची परवाना असलेली दुकानं होती, त्यामुळे आपल्याकडच्या पिढीला तो तंबाखूच्या रांगेतला वाटतो. शरीराला ही रांग कळत नाही. शहरातला मुलगा ज्या ब्राऊन शुगरपायी घर विकतो, ती मॉर्फिनपासूनच बनते; मात्रा आणि वेग वेगळा, एवढंच.

आता ‘थकान मारता है’. अफूजन्य पदार्थ थकवा घालवत नाहीत. पाठ दुखणं, डोळे चुरचुरणं, पाय जड होणं या तक्रारी मेंदूपर्यंत पोचू देत नाहीत. थकवा तिथेच असतो, झोपेची थकबाकीही तिथेच असते. शिवाय एक गोष्ट ड्रायव्हरला कुणी सांगत नाही : या पदार्थांनी डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यालाही त्याची फारशी सवय होत नाही. दिवसा चालून जातं. रात्री बाहुलीनं मोठं होऊन उजेड आत घ्यायचा असतो, तेव्हा ती बारीकच राहते. समोर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसेपर्यंत काय होईल? ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. एक डुलकी तीन सेकंदांची धरा, ६६ मीटर झाले. ओरखडा नाही ही त्याची हुशारी खरी, पण हुशारीला अंधारात दिसत नाही.

त्याचं दुसरं वाक्य मात्र शब्दशः खरं आहे. डोड्याशिवाय त्याच्याकडून गाडी चालणार नाही, निदान आत्ता तरी नाही. रोज घेणाऱ्यानं एकदम सोडलं की अर्ध्या ते एका दिवसात नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया येतात, अंग तुटतं, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला जातं आणि आठवड्याभरात ओसरतं. दारू एकदम सोडण्यात जिवाला धोका असतो, तसा इथे सहसा नसतो. पण ते हाल घेऊन बत्तीस टनांचं धूड घाटात उतरवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून “उद्यापासून बंद, आणि परवा लोडिंग आहे” असं त्याला अजिबात सांगू नका. त्यापेक्षा तो डोडा घेऊन गेलेला बरा, असंही मी म्हणणार नाही. त्यानं काही दिवस गाडीच चालवू नये.

दिरांच्या पट्ट्यांकडे येते. मी तपासणीच्या विरोधात नाही. पण ती कशी वाचतात हे दिरांना विचारून बघा. घरोघरी माहीत असलेल्या गरोदरपणाच्या चाचणीत दोन रेघा म्हणजे ‘आहे’. या पट्टीवर उलटं : दोन रेघा म्हणजे काही सापडलं नाही, आणि एकच रेघ म्हणजे सापडलं. दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच. स्वच्छ माणसाला घरी बसवून डोडेवाल्याच्या हातात किल्ली देणारे मालक असतात, हे ऐकून हसू येईल, पण ते असं होतं.

दुसरं, ही पट्टी फक्त संशय सांगते. डॉक्टरनं दिलेल्या कोडीनच्या खोकल्याच्या औषधानंही ती ‘अफू’ दाखवते. खातरजमा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर करावी लागते आणि तिला पैसे पडतात. उलट ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या खाणारा ड्रायव्हर अफूच्या साध्या पट्टीतून निसटून जातो. त्याची पट्टी वेगळी असते. अफू लघवीत दोन-तीन दिवस दिसते. गांजा किंवा भांग कधीमधी घेणाऱ्याच्या लघवीत काही दिवस, आणि रोजच्या माणसाच्या लघवीत आठवडेच्या आठवडे. भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत, तिची सरकारमान्य दुकानं आपल्याकडे आहेतच, पण पट्टीला कायदा कळत नाही. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर पट्ट्या वाटल्या, तर किती दुकानं उघडतील याची मला शंकाच आहे.

कायद्यानं तुमच्यावर ड्रायव्हरांची अशी चाचणी करण्याची सक्ती केलेली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ रस्त्यावर लागतं : रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू, किंवा गाडीवर ताबा राहणार नाही इतका अमली पदार्थाचा अंमल. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दारूसाठी फुंकायचं यंत्र पोलिसाच्या हातात असतं. डोड्यासाठी सहसा तसं काही नसतं. विमानवाल्यांना मात्र जानेवारी २०२२ पासून अचानक चाचणीचा नियम आहे, वर्षाला किमान दहा टक्के वैमानिकांची. ट्रकवाल्यांना नाही. तेव्हा तुम्ही चाचणी करणार असाल तर ती तुमच्या घरचा नियम म्हणून करा : आधी सांगून, लेखी संमती घेऊन, चौघांनाही सारखी, आणि निकाल ड्रायव्हर आणि तुम्ही दोघांतच ठेवून. सापडल्यास पुढे काय, हे चाचणीच्या आधी ठरलेलं पाहिजे. ‘हिशेब करून टाकणं’ एवढंच ठरलं असेल, तर चाचणी करू नका. तुमच्याकडून सुटलेला ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत देवास नाक्यावर दुसऱ्या गाडीवर चढलेला असेल, त्याच पिशवीसकट, आणि गणपती घाटात तो तुमच्याच गाडीच्या मागे असेल.

आणि आता मला खरं जे विचारायचं आहे ते. ताई, तुमची बिल्टीबुकं काढा. पीथमपूर ते बंगळूर पुण्यावरून चौदाशे किलोमीटरच्या वर भरतं. भरलेली गाडी सरासरी ताशी ४५ नं धरली तरी नुसती चाकं फिरण्याचेच एकतीस-बत्तीस तास. पार्टीला पोच किती तासांत कबूल केली आहे? तुमच्या पत्रात ते नाही, पण या लाइनीवर अठ्ठेचाळीस तास सर्रास कबूल करतात, एकट्या ड्रायव्हरवर, आणि उशीर झाला तर भाडं कापून. उरले सोळा तास. त्यात दोन दिवसांची जेवणं, टोल, डिझेल, पंक्चर, शहराची नो-एंट्री आणि दोन रात्रींची झोप. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. नुसत्या चाकांच्या हिशेबानं तुमचा ड्रायव्हर चार दिवसांचं काम दोन दिवसांत करतो. डोड्याशिवाय ते वेळापत्रक कोण पाळून दाखवील? मी तर चहाच्या जोरावर एक रात्रपाळी करून दुसऱ्या दिवशी रुग्णाचं नाव विसरत असे.

झोप न झालेल्या माणसाची पट्टी दोन रेघा दाखवते. अपघात करणारे कितीतरी जण त्या पट्टीवर पूर्ण निर्दोष असतात. म्हणून पट्ट्यांचे पैसे खर्च करण्याआधी यजमानांबरोबर बसा आणि बंगळूरच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर द्यायचा, की पोचेची मुदत चार दिवस करायची, की मध्ये धुळ्याला किंवा पुण्याला माणूस बदलायचा, हे ठरवा. तिन्हीला पैसे लागतात. एखादी पार्टी तुटेलही. हे मी गोड करून सांगू शकत नाही.

ड्रायव्हरसाठी : इंदुरात बाणगंगेचं सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, एमवाय रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे, तिथून त्याच्या जिल्ह्यातलं केंद्रही कळेल. अफूजन्य व्यसनाला औषध आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवतात. तोड, म्हणजे सोडल्यावरचे ते हाल, सुरू झाल्यावरच पहिली देतात, मग डॉक्टर मात्रा बसवतात. अंग तुटणं थांबतं, तलफ उतरते. मात्रा बसेपर्यंत गाडी नाही. नंतर केव्हा चालवायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरना विचारून. हे काही महिने चालतं, कधी वर्षाच्या वर. “आता बरा झाला” म्हणून तुम्ही किंवा घरच्यांनी गोळी बंद करायला लावू नका. सोडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि अशा वेळी कुणी जुन्याच मात्रेनं परत सुरुवात केली, तर श्वास थांबून माणूस जातो.

त्याला पोलिसांची भीती वाटेल. एनडीपीएसच्या ६४-अ कलमात, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतः होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. आणि त्या दिवसांचा निम्मा का होईना, पगार द्या. घरी पैसे गेले नाहीत तर चौथ्या दिवशी तो गाडीवर असेल. पहिल्यांदा दवाखान्यात जाताना तुम्ही किंवा यजमान बरोबर गेलात तर उत्तम. यजमान गेले तर त्यांचं ‘ते काही ड्रग्ज नव्हे’ही तिथल्या बाकावर बसून फेरतपासता येईल.

प्रश्न : आमचा मुलगा तीन वर्षांपासून अमेरिकेत मोठा ट्रक चालवतो. दरवर्षी आम्ही त्याला हिच्या हातचा दिवाळीचा फराळ पाठवतो. यंदा त्यानं फोन करून सांगितलं की अनारसे पाठवू नका, खसखशीमुळे ड्रग टेस्टमध्ये सापडेन. ही रुसून बसली आहे. मला हा अतिरेक वाटतो. अनारशानं कुणी अफूबाज ठरतो का?
— वि. ग., राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काका, मुलगा शहाणा आहे. तिथे हा केंद्राचा नियम आहे. नोकरीला लागताना, अपघातानंतर, संशय आल्यास, आणि वर्षभरात अचानक केव्हाही लघवी तपासतात. जानेवारी २०२० पासून कंपन्यांना ड्रायव्हरांच्या निम्म्या संख्येइतक्या अचानक चाचण्या वर्षाला कराव्या लागतात. गांजा, कोकेन, अँफेटामीन, अफूजन्य पदार्थ आणि पीसीपी (भास घडवणारं एक रसायन) असे पाच गट. नमुना द्यायला नकार म्हणजे सापडल्यासारखंच. त्याच जानेवारीपासून सापडलेल्यांची नोंद एका मध्यवर्ती यादीत जाते, त्यामुळे एक कंपनी सोडून दुसरीत निमूट शिरता येत नाही. ज्या राज्यात गांजा दुकानात मिळतो, तिथल्या ड्रायव्हरलाही गांजा चालत नाही.

खसखशीचं म्हणाल तर तिच्यावर बोंडातला चीक लागलेला असू शकतो, आणि लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, ही गोष्ट तिथल्या सरकारनंही मान्य केली आहे. म्हणून तर १९९८ साली अफूची मर्यादा मिलिलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. निकाल आला तरी तो आधी एका डॉक्टरकडे जातो आणि तो ड्रायव्हरशी बोलल्याशिवाय पक्का करत नाही. तेव्हा एका अनारशानं नोकरी जाण्याचा संभव फार थोडा. पण ‘फार थोडा’ घेऊन डब्यातले वीस अनारसे गाडीत बसून दोन दिवसांत संपवणारा मुलगा असतो, तो तुमचा असेल तर? काकूंना सांगा, अनारसे तिळावर थापा. खुसखुशीतपणा तांदळाच्या पिठाचा असतो, खसखशीचा नव्हे. (हे वाक्य माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.) आणि फराळाच्या डब्यात खोकल्याचं औषध मात्र घालू नका. कोडीनचं असेल तर तो खरंच अडचणीत येईल. मुलगा दुबईला असता तर खसखस पाठवणंच गुन्हा ठरलं असतं. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

मध्येच एक : लिंबूपाणी, व्हिनेगर, पाच लिटर पाणी यांनी टेस्ट ‘धुऊन’ निघते का, असं तिघांनी नाव न घालता विचारलं आहे. जास्त पाण्यानं लघवी पातळ होते, आणि प्रयोगशाळा तिचा पातळपणाही मोजते. बाकीचं उत्तर मी देणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी गाडीवर क्लीनर आहे, वय १९. जुनी इंदूरमध्ये राहतो. मराठी लिहिता येत नाही म्हणून बहिणीकडून लिहून घेतलं. रात्री उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, मला एक कॅप्सूल देतो, ताकदीची आहे म्हणतो. खाल्लं की मजा वाटते, झोप येत नाही, मग मीच गाडी ओढतो. आता घरी असलो तरी सकाळी अंग दुखतं आणि नाक वाहतं. कॅप्सूलवर ट्रॅमाडॉल लिहिलंय असं बहीण म्हणते. हे काय आहे?
— नाव नको

उत्तर : बहिणीला माझ्याकडून शाबासकी दे, तिनं नाव वाचलं म्हणून निम्मं काम झालं. ट्रॅमाडॉल हे ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरचं औषध आहे, अफूच्या जातीचं. ताकदीशी त्याचा संबंध नाही. एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएसखाली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय खिशात सापडलं तर उस्ताद नव्हे, तू आत जाशील. आणि एक धोका त्याचा खास : मात्रा वाढली की मिरगीसारखा झटका येतो, आधी कधी आला नसला तरी. तो स्टिअरिंगवर आला तर तुला कळणारही नाही. वर तुझ्याकडे अवजड गाडीचा परवाना नसणार. काही झालं तर उस्ताद सांगेल की मी झोपलो होतो, आणि ते खरंच असेल.

सकाळी अंग दुखणं आणि नाक वाहणं म्हणजे शरीराला सवय लागली आहे. तुझं वय बघता हे लवकर सुटेल, पण मनानं एकदम बंद करू नकोस आणि तोवर गाडी अजिबात ओढू नकोस. ही फेरी सोड. उस्तादाला कारण सांगायची गरज नाही, घरी आजारपण आहे म्हण. मग १४४४६ ला फोन लाव किंवा बहिणीला घेऊन सकाळी बाणगंगेच्या ओपीडीत जा, आधार कार्ड बरोबर असू दे. कॅप्सूलचं रिकामं पाकीट फेकू नकोस. किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, केव्हापासून आणि कधी झटका आला होता का, हे चार प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारतील. उत्तरं बहिणीला आधीच एका कागदावर लिहून ठेवायला सांग.